तंबाखूच्या ढिगातलं मॅग्नेट

निपाणी-बेळगाव रस्त्यावर पारिसा आण्णांची जी सर्व्हिस मोटार धावत होती, तिला विलायती म्हणायचं ते केवळ सवयीनं. नवी आली तेव्हा होती विलायती. बॉनेटवर पितळेची अक्षरं होती, निपाणीकरांनी तिला हार घातला होता आणि पहिल्या फेरीला आत बसायला भांडणं झाली होती. पण बेचाळीस सालच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्यात विलायतेचं काय उरलंय ते दिवा घेऊन शोधावं लागलं असतं. मडगार्ड घासलेटच्या डब्यांच्या पत्र्याचं, तळाच्या फळ्या बाभळीच्या, स्प्रिंगची पानं संकेश्वरच्या लोहारानं ठोकलेली. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद पडायची. क्लचचं चामडं मधूनमधून एरंडेल प्यायचं. मैल मोजायचं घड्याळ एकदा पुरतं फिरून पुन्हा शून्यावर आलं, आणखी काही वर्षं चाललं आणि मग काकतीच्या चढावर कायमचं थांबलं. ते कुणी दुरुस्त केलं नाही. म्हातारीचं वय विचारून करायचं काय?

हे सगळे उपचार नागोजीचे. नागोजी बेळगावलगतच्या अनगोळचा. ड्रायव्हर तोच, मिस्त्री तोच, आणि गाडी अडली की ढकलायला पहिला खांदा लावणाराही तोच. लोक म्हणायचे, नागोजीला मोटारीतलं सगळं कळतं. ते काही खरं नव्हतं. त्याला या एका मोटारीतलं सगळं कळत होतं. एकदा एका कंत्राटदारानं त्याला आपली नवीकोरी गाडी चालवायला बोलावलं. नागोजीनं सवयीच्या जागी दांडा ओढला आणि गाडी सरळ बेळगावच्या खडेबाजाराच्या गटारात नेऊन बसवली. लोक आठवडाभर हसत होते. त्या दिवसापासून त्यानं दुसऱ्या गाडीचं नाव काढलं नाही. आता पन्नाशी जवळ आली होती, गुडघे बोलायला लागले होते. ही मोटार गेली तर आपण कुणीही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्यानं बायकोला, जयाबाईला, बोलून दाखवलंही होतं. ती म्हणाली होती, "मग जपा की तिला. माझ्यापरास तिलाच जपतासा न्हवं का?"

लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर गेलं आणि मोटारीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची टाकी चढली. कोळशाच्या गॅसवर इंजिन मुळातच रडत चालतं. त्याला ठिणगी जोरकस लागते. ती ठिणगी पाडायचं काम मॅग्नेटचं. नारळाएवढा तो जिन्नस, आत केसासारख्या तारेचं वेटोळं. पहिलं मॅग्नेट मरायला टेकलं तेव्हा नागोजीनं कोल्हापूरच्या एका मोडक्या लॉरीतून दुसरं मिळवलं होतं. ते बसवल्यापासून तवंदीचा घाट मोटार एका दमात चढायची. जुनं, मेलेल्यात जमा झालेलं मॅग्नेट सीटखालच्या पेटीत पडून होतं.

आणि मग बातमी आली की लष्कराला गाड्या पाहिजेत. बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर सगळ्या मोटारी हजर करायच्या. साहेब तपासणार, चांगली गाडी ठेवून घेणार, खराब परत देणार.

पारिसा आण्णा तंबाखूचे व्यापारी. निपाणीत मोठी वखार, स्वभाव शांत, आवाज त्याहून शांत. मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती आणि त्या हौसेवर वखारीतल्या बायकांसमोर त्यांची बायको ब्राह्मीबाई त्यांना टोमणे मारायची. तरी त्यांचा जीव मोटारीत होता. त्यांनी नागोजीला वखारीच्या मागं नेलं.

"नागोजी, गाडी खराब दिसाय पायजे."

"दिसाय? आण्णा, ती दिसतीया खराबच. चालती चांगली, त्येच वांदं हाय."

"मग चालाय नको तशी."

 इतकी वर्षं ज्या हातांनी तिला चालती ठेवली त्याच हातांनी तिला आजारी पाडायचं! त्याला आण्णांचा रागच आला. पण दुसरी वाट त्यालाही दिसेना. शेवटी तो म्हणाला, "जुनं मॅग्नेट बशिवतो. चालंल न चालंल असं हुईल. चांगलं मॅग्नेट मी घरी न्हेतो, जुंधळ्याच्या कणगीत घालून ठिवतो."

"खुळा हायस काय? झडती घ्यायची तर पयली ड्रायव्हरच्या घराची घेतील. माझ्याकडं दे. तंबाखूच्या ढिगाच्या पोटात घालतो. शिपाई आला तर शिंकून शिंकून पळून जाईल."

"पर आण्णा, त्येला पानी लागू देऊ नगा. वल्ल्यानं मरतंय ते."

"माझ्या वखारीत पावसाचा एक थेंब आलेला दाखव मला," आण्णा म्हणाले, आणि ते खरंच होतं. वखारीचं छप्पर निपाणीत नावाजलेलं होतं.

आण्णांनी मॅग्नेट धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं, हात जोडून स्तवनिधीच्या देवळाच्या दिशेनं नमस्कार केला आणि ते आपल्या हातानं ढिगात खोल नेऊन ठेवलं. आता निपाणीच्या कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक असतं की तंबाखूवर पाणी शिंपडून ढीग लावतात आणि आतल्या आत तो तापतो, तेव्हाच पानाला रंग चढतो. आण्णा तर रोज कोपरापर्यंत हात घालून ती ऊब बघायचे. पण ती ओली ऊब त्यांच्या लेखी तंबाखूची होती, पिकाची होती, चांगली होती. तिच्यानं काही बिघडतं हे त्यांच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आणि नागोजीला मॅग्नेट ओलीला आणि उष्णतेला भितं हे माहीत होतं, पण तंबाखूच्या ढिगात त्यानं जन्मात कधी हात घातला नव्हता. दोन शहाणे, दोघांना अर्धंअर्धं ठाऊक, आणि एकानंही दुसऱ्याला आपलं अर्धं नीट सांगितलं नाही. मला या दोघांचा राग येतो तो इथं.

तपासणी दोन दिवसांत व्हायची ती लांबली. साहेब कुठं पुण्याकडं गेले म्हणे. आज होईल, उद्या होईल, असं करत पुरा पंधरवडा गेला. मॅग्नेट परत काढायची कुणाची छाती होईना. तोवर मोटार जुन्या मॅग्नेटवर खोकत चालली. तवंदीच्या घाटात उतारू खाली उतरायचे, ढकलायचे आणि शिव्या द्यायचे. शालूबाई नावाची एक भाजीवाली रोजची गिऱ्हाईक. ती म्हणाली, "नागोजी, भाडं तुमीच द्या मला. निम्मा रस्ता मीच वडलीया न्हवं तुमची गाडी." नागोजी हसला. आठ-पंधरा दिवसांचा तर खेळ, असं त्यानं स्वतःला समजावलं.

तपासणीचा दिवस त्याला फार जड गेला. मैदानावर गाड्यांची रांग लागलेली, सगळे ड्रायव्हर ओळखीचे. नागोजीनं हँडल मारलं. मोटार धूर सोडून गप्प. परत मारलं. परत गप्प. त्याच्या गाडीला कान लावून ज्यांनी हेवा केला होता तेच लोक बघत होते. साहेबानं हवालदाराला काहीतरी सांगितलं, हवालदारानं पांढऱ्या रंगाचा ब्रश उचलून बॉनेटवर मोठी फुली मारली. नापास. पुढच्या दोन गाड्या ठेवून घेतल्या. नागोजीला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झाला नाही. 

मोटार ढकलून कशीबशी सुरू करून निपाणीला पोचेपर्यंत मात्र त्यानं मन घट्ट केलं. आण्णांनी पेढे मागवून ठेवले होते. दोघं वखारीत गेले, ढिगाची पानं बाजूला सारली. आतून वाफ आली. नागोजीनं हात घातला आणि चटकन मागं घेतला.

"आण्णा, हे गरम हाय."

"मग? ढीग तापायलाच लावत्यात."

फडकं काळंतपकिरी झालं होतं. आतल्या वेटोळ्यावरची लाख वितळून ओघळली होती, तार फुगून बसली होती आणि फिरणारा भाग जागच्या जागी चिकटला होता. नागोजीनं तो बोटांनी फिरवून बघितला. मग दुसऱ्या हातानं बघितला. मग तो तंबाखूवरच बसला. आण्णा तीनतीनदा विचारत होते, "उन्हात वाळवलं तर? उन्हात वाळवलं तर?" नागोजीला ओरडायचं होतं. ढिगाची ऊब तुम्हाला कळत नव्हती काय, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण आण्णांचा चेहरा बघून त्याला ते बोलवेना. पेढे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मॅग्नेट मांडीवर घेऊन, जुन्या मॅग्नेटवर रडतरखडत तो बेळगावला निघाला. काकतीच्या चढावर मोटार थांबली. त्यानं हँडल मारून मारून खांद्याचा पिट्ट्या पाडला. ठिणगी नव्हती. जुन्यानंही जीव सोडला होता. उतारू चालत गेले. भाड्याच्या बैलांनी ओढत मोटार अनगोळात त्याच्या दारापुढं आणून सोडली.

खडेबाजारात तार गुंडाळायचं काम करणारा भावकू होता. त्यानं वेटोळं उलगडायला घेतलं, तर तार बोटातच तुटायला लागली.

"नवी तार घाल की रं, भावकू."

"कुठली आणू, नागोजी? सगळी तार लढाईवर गेलीया. माझं दुकानच मी कशावर चालिवतोय ते माझं मला ठावं."

कोल्हापूर झालं, हुबळी झाली. सगळीकडं हेच. नागोजी रोज सकाळी उठून दारापुढची मोटार पुसायचा. रेडिएटरमध्ये पाणी घालायचा, संध्याकाळी काढायचा. चाकांत हवा भरायचा. लोक आधी विचारायचे, मग विचारायचे बंद झाले. आण्णा एकदा येऊन गेले. मोटारीवर हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "मी मारली रे हिला." नागोजी म्हणाला, "दोघांनी मारली." 

मग पुन्हा दवंडी आली. लष्कराला आणखी गाड्या पाहिजेत. नागोजीनं ती ऐकली आणि घरात येऊन जयाबाईला म्हणाला, "द्यून टाकतो तिला."

"आदी दिऊ नगा म्हनून सोंगं केलासा. आता द्यायला निघालासा?"

"तितं त्यांच्याकडं मॅग्नेटं ढिगानं असत्यात. एक बशिवलं की चालू हुती. माझ्या हातात न्हाय ऱ्हायली तर न्हाय. ब्रह्मदेशात पळूंदे, कुठंबी पळूंदे. पर दारात अशी मराय नगं."

आण्णांनीही निरोप पाठवून होकार दिला. बैलजोडी जयाबाईनंच भावाकडून मागून आणली.

बैलांनी ओढत आणलेली मोटार मैदानात शिरली तेव्हा सगळे हसले. नागोजीला लाज वाटायची राहिली नव्हती. हवालदार साताऱ्याकडचा होता, मराठी बोलणारा. नागोजीनं त्याच्यापुढं सगळं सांगून टाकलं. मॅग्नेट आपण काढलं, लपवलं, साहेबाला फसवलं, काय शिक्षा द्यायची ती द्या, पण गाडी आतून चांगली आहे, एक मॅग्नेट घाला आणि हँडल मारून बघा.  हवालदारानं साहेबाला इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं. साहेब रागावलासुद्धा नाही. त्यानं बॉनेटवरची फुली बघितली, मोटारीभोवती एक चक्कर मारली, वाकून एका टायरवर बूट दाबला, दुसऱ्यावर दाबला. मग काहीतरी म्हणून पुढच्या गाडीकडं गेला.

"काय म्हनलं सायेब?"

"टायर ठेवून घ्या म्हणाले," हवालदार म्हणाला. "रबराचा मुलूख जपान्यानं घेतलाय ना. टायर चांगले ठेवलेस तू. गाडी नको."

"पर मॅग्नेट..."

"अरे बाबा, असल्या गाडीला मॅग्नेट कोण देतो? आजच्या आज टायर काढून दे."

पैलवानासारखी दोन शिपाई पोरं पान्हे घेऊन आली आणि नटांवर हातोडा घालायला लागली. नागोजीनं त्यांना बाजूला केलं. "ठोकू नगा. मी काडतो." त्यानं दगड गोळा केले, धुऱ्याखाली रचले, जॅक लावून मोटार अलगद त्यांच्यावर टेकवली आणि एकेक चाक उतरवलं. पोरांनी ती गडगडत नेली. चार चाकं गेली आणि मोटार दगडांवर बसली. बैल सोडून नेले होते. आता तिला ओढून नेण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

नागोजी मात्र खाली बसून होता. काढलेले नट त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसले, त्यांना बोटानं ग्रीस लावलं आणि रिकाम्या धुऱ्यावरच्या बोल्टांवर एकेक करून परत चढवायला लागला. हवालदार जवळ आला.

"अरे, चाकं गेली की. नट कशाला लावतोस आता?"

"उघडं ऱ्हायलं तर आटं खराब हुत्यात, सायेब," नागोजी म्हणाला आणि पुढच्या चाकाच्या जागी सरकला.