मिटलेल्या पेट्या

"येऊ द्या, येऊ द्या! दोन्हीकडे भरपूर जागा आहे!" शिपाई उलटा चालत ओरडत होता आणि त्याच्या समोरून आगीचा बंब हळूहळू रस्त्यात शिरत होता.

दुपारचे तीन वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लोखंडी पेट्या कुलपं लावून मुकाट उभ्या होत्या. बंब त्यांच्यामधून सरळ निघाला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडला. एकाही पेटीला ओरखडा नाही. नगरपालिकेच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

आरेखक मात्र टाळ्या वाजवायचंच विसरला. हातातला टेप धरून तो नुसता हसत राहिला. नगरपालिकेत एकतीस वर्षं त्याने गटारांचे नकाशे काढले होते. कचेरीत त्याला 'गटारवाले' म्हणत, आणि तेही प्रेमाने. गटाराच्या नकाशाचं कौतुक करायला येणार तरी कोण? पण या पेट्या त्याच्या डोक्यातून निघाल्या होत्या. रस्त्यात ठरावीक अंतरावर खोबण्या केलेल्या, आणि पेटीचे चार पाय त्यांत बसवून अडकवायचे. आज खाण्याचं दुकान, उद्या तीच पेटी उलगडून बाकडं, परवा दोन पेट्या जोडून गाणाऱ्यांसाठी चौथरा. दिवेलागणीनंतर ज्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं, तिथे आता माणसं हटता हटत नव्हती. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता आणि बायकोने शेजारपाजारी तो चार वेळा दाखवला होता.

बंबचालक खाली उतरला. साहेबांनी पुढे केलेला चाचणीचा कागद त्याने बंबाच्या दारावर टेकवला.

"दुपारी आग लागली तर काही काळजी नाही," सही करता करता तो म्हणाला.

सगळे हसले. आरेखकही हसला. पण ते वाक्य पायात काटा मोडावा तसं त्याला सलत राहिलं. म्हणून कचेरी सुटल्यावर तो घरी न जाता परत त्याच रस्त्यावर, ताईकडे गेला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून नऊ वर्षांत ती जिना उतरली नव्हती. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन तिचं सगळं करून जायची, आणि बाकीचा दिवस ताई आणि तिची खिडकी.

"आलास? बस इथे, आता गंमत बघ," ती म्हणाली. "सगळी दुकानं एकदम उघडतात."

खाली कुलपं निघाली. पहिल्या पेटीची फळी बाहेरच्या बाजूला आडवी झाली आणि तिच्याखाली टेकू लागला. मग दुसरीची. मग समोरच्या रांगेतली. खट्, खट्, खट्. पाच मिनिटांत चाळीस फळ्या रस्त्यात पुढे आल्या आणि आरेखक खिडकीतून वाकून मधली जागा बघू लागला.

हिशोबाला कागद लागला नाही. समोरासमोरच्या पेट्यांमध्ये चार मीटर वीस. प्रत्येक फळी नव्वद सेंटिमीटर, हा आकडाही त्याच्याच हातचा. दोन्हीकडच्या फळ्या वजा केल्या की उरले दोन मीटर चाळीस. बंब अडीच मीटर रुंद. शिवाय फळ्यांपुढे स्टुलं, आणि स्टुलांवर माणसं.

नकाशात त्याने पेटी मिटलेली काढली होती. चाळीसच्या चाळीस. गटार उघडत नाही आणि मिटतही नाही, एकदा काढलं की तसंच राहतं. एकतीस वर्षांत हाताला तेवढंच वळण पडलं होतं. आणि रस्ता तपासायला सगळी मंडळी आली ती कचेरीच्या वेळेत.

तो धडपडत खाली गेला. दारासमोरच तळणवालीची पेटी होती.

"बाई, ही फळी मिटवायला किती वेळ लागतो?"

"का हो? उठवायला आलेत की काय कोणी?"

"नाही, नाही. समजा, आग लागली."

तिने कढईखालच्या जाळाकडे पाहिलं. "तेल उतरवायचं, शेगडी विझवायची, गिऱ्हाईक उठवायचं... दहा मिनिटं धरा की." मग तिचा चेहरा उतरला. "धंद्याच्या वेळी असलं अभद्र बोलू नका हो!"

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांपुढे नकाशा पसरला.

"साहेब, नकाशा चुकलाय. माझ्या हातून चुकलाय. एका बाजूची रांग काढावी लागेल."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वीस जणांना उठवायचं? आणि तुमच्याच पेट्यांवर आणखी तीन रस्ते मंजूर झालेत, त्यांचं काय?"

"म्हणूनच सांगतोय."

"मग एक ओळ टाका ना. आपत्कालीन प्रसंगी फळ्या त्वरित मिटवाव्यात."

"कोण मिटवणार, साहेब?"

"त्यांचं ते बघतील." साहेबांनी नकाशाची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. "आणि जरा जपून. नकाशावर सही तुमची आहे, माझी नाही." पाणी हवं का, असं विचारावं तितक्या सहज ते बोलले.

आरेखकाने सगळं लेखी दिलं आणि पोच घेतली. अग्निशमन केंद्रालाही एक प्रत पाठवली. आठ दिवसांनी तिकडून उत्तर आलं, की नोंदीप्रमाणे चाचणी यशस्वी झालेली आहे. नवीन तीन रस्त्यांचे नकाशे काढायला त्याने नकार दिला, तेव्हा साहेबांनी ते काम नव्याने लागलेल्या मुलीकडे सोपवलं. तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. तिने त्याची पेटी हुबेहूब उतरवून घेतली होती. मिटलेली.

"पोरी, फळी उघडी दाखव."

"साहेबांना विचारते हं, काका," ती नम्रपणे म्हणाली आणि पुढची पेटी काढायला घेतली.

त्या संध्याकाळी तो ताईला म्हणाला, "तू माझ्याकडे राहायला चल. आजच."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. 

"नऊ वर्षं मी समोरची भिंत बघितली रे," ती म्हणाली. "आता खाली माणसं हसतात, गातात. ती तळणवाली मला रोज हात करते. हे तूच दिलंस ना मला? मग आता तूच काढून घेणार?"

आरेखकाला रडू फुटलं. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, पण ताईसमोर लहान मुलासारखा रडला. आयुष्यात एकच गोष्ट त्याला साधली होती, आणि त्याच गोष्टीची आता त्याला रात्रंदिवस धास्ती वाटत होती.

ताई जागची हलेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो आपली वळकटी घेऊन तिच्याकडे राहायला आला. बायकोला त्याने खरं तेच सांगितलं होतं. तिने वाद घातला नाही, फक्त कपड्यांत गुडघ्याला बांधायचा पट्टा ठेवला.

"ताई, गळ्यात हात घाल," तो पलंगापाशी पाठ करून बसला.

"वेड लागलंय का तुला?"

"घाल तर."

लहानपणी ती त्याला पाठुंगळी घेऊन गावभर हिंडायची. आता त्याने तिला घेतलं. चोपन्न पायऱ्या होत्या. पहिल्या वळणावर त्याला दम लागला, दुसऱ्यावर गुडघा कळवळला. ताई मात्र खुसुखुसु हसत होती. खालच्या दारात पोचल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं लागली होती.

बाहेर चाळीसही फळ्या उघडलेल्या होत्या आणि मधून मुंगी शिरायला जागा नव्हती. तळणवाली ताईला बघून आनंदाने ओरडली. ताईचा चेहरा उजळला.

"अरे, आता आलोच आहोत तर एक चक्कर मार ना. जवळून बघू दे मला."

"नाही ताई," तो धापा टाकत म्हणाला. "सात मिनिटं फार होतात. वर जाऊ आणि पुन्हा उतरू."

ताईचं हसू थांबलं. तिने त्याच्या गळ्याभोवतीचे हात घट्ट केले आणि तो तिला घेऊन जिना चढू लागला.