पान घेतलं की झाड जातं

चांदीत उतरलेली गोष्ट कधी मरत नाही, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि सांगताना आवाज जरा खाली आणायचा. त्यासाठी त्या गोष्टीची आधी सातशे अंशांवर राख करावी लागते, हा तपशील तो गाळायचा. समोरच्या बाईने आरशापुढे मान वाकडी करून पेंडंट लावलेलं असताना अंत्यविधीचा विषय काढू नये, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

त्याची पद्धत अशी. खरंखुरं पान घ्यायचं, मेणाच्या काडीवर उभं करायचं आणि भोवती पातळ प्लॅस्टर ओतायचं. प्लॅस्टर घट्ट झालं की ते भट्टीत. आत मेण वितळून जातं, पान जळून जातं, आणि शिरान् शीर जशीच्या तशी असलेली एक पोकळी मागे राहते. त्या पोकळीत चांदी ओतली की पान परत येतं. हिरवेपणा तेवढा येत नाही. बाहेर काढलेली चांदी आधी काळीकुट्ट असते. मग ती तेजाबी पाण्याच्या बादलीत बुडवायची, की दोन तासांत पांढरी होऊन वर येते.

पूर्वी हे सगळं तो एकटा करायचा. यंदा हिवाळ्यात पाठ धरली आणि डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. ते त्याच्यापेक्षा बायकोने जास्त मनावर घेतलं. तिने त्याच्या हातून जड वस्तू काढून घेतल्या आणि सोबत घरातले निर्णयही, कारण तेही जडच असतात.

त्याच वर्षी झाडं जायला लागली.

पहिला गेला नेचा. कारखान्याच्या मागच्या दाराशी कुंडीत होता. त्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या टोकांची त्याने कर्णफुलं केली, आणि तीन आठवड्यांत नेचा कडांपासून करपत आत गेला आणि कुंडीच्या काठावर मान टाकून पडला. "ऊन लागलं असेल," बायको म्हणाली. तो नेचा ऊन कशाला म्हणतात ते न बघताच मोठा झाला होता.

मग द्राक्षाचा वेल गेला. त्याची मुळं यांच्या अंगणात आणि सावली भिंतीपलीकडच्या मास्तरांकडे. त्याच्या एका वेटोळ्या तणाव्याची अंगठी झाली, ती तिसऱ्या दिवशी विकली गेली, आणि महिन्याभरात वेल भिंतीवर सुतळीसारखा लोंबायला लागला.

मास्तर निवृत्त होते. तीस वर्षं भूगोल शिकवून आता भिंतीवरून तो तपासत असत.

"एकदा झालं तर ऊन. दोनदा झालं तर कीड," ते म्हणाले. "आता तिसऱ्यांदा काय निघतं ते बघू."

तिसऱ्यांदा लिंबू निघालं. दोन पानं आणि मध्ये काटा असं कडं त्याने केलं होतं. हात लावला तर बोटाला जरासं टोचेल इतकं खरं. लिंबाचं झाड उभ्या उभ्या वाळलं. काटे मात्र शेवटपर्यंत टणक होते.

"तुमच्या हातातच काहीतरी आहे बरं का," मास्तर म्हणाले. "तुम्ही पान घेता आणि झाड जातं. नियमच झाला हा. अंगठीसाठी माझ्या बोटाचं माप घेणार होतात ना तुम्ही?"

"हो, उद्या येतो की."

"राहू द्या. घाई नाही."

तो हसला. हसायलाच हवं होतं. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेतलेला माणूस होता तो, आणि ते प्रमाणपत्र काच लावून भट्टीच्या वर टांगलेलं होतं. पण त्या दिवसापासून अंगणातून जाताना तो दोन्ही हात खिशात घालून जाऊ लागला. साच्याच्या भोकातून आत डोकावताना त्याला पूर्वी फक्त अंधार दिसायचा. आता तो अंधार काहीतरी मागतो आहे असं वाटायचं. पान दिलं तर पानावर भागेल, असं थोडंच कुणी लिहून दिलं होतं?

आता अंगणात एकच झाड उरलं होतं. कोपऱ्यातलं डाळिंब.

डाळिंब आणि लेक एकाच आठवड्यात घरात आली होती. लेक दवाखान्यातून, डाळिंब रोपवाटिकेतून. सहा वर्षांची होईपर्यंत दोघांची उंची एकाच खडूने भिंतीवर लिहिली जायची. तिला गोवर झाला त्या वर्षी झाडाने सगळी फुलं गाळली होती. ही गोष्ट बायको येईल त्याला सांगायची, आणि आजवर तो ती ऐकून कौतुकाने मान हलवायचा.

लेक आठवा महिना लागल्यावर घरी आली. दुसऱ्याच दिवशी कारखान्यात स्टुलावर बसून, पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मला माझ्या झाडाची कळी हवी. पेंडंटमध्ये. बाळाने डोळे उघडले की पहिली तीच दिसली पाहिजे."

त्याच्या हातातली कानस थांबली.

"कळी फार नाजूक असते गं. चांदी नीट भरत नाही."

"तू गांधीलमाशीचे पंख भरलेस. कळी भरत नाही?"

"भट्टी जरा बिघडली आहे."

"सकाळी तर चालू होती."

"दुकानात सुंदर चेन मिळतात हल्ली," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

दारात बायको उभी होतीच. "ऐकलंस? जगाच्या गळ्यात दागिने घालतात आणि पोटच्या पोरीला दुकानाचा पत्ता देतात. अहो, एक कळी. झाड नाही मागितलं तिने."

खरं सांगायची सोय नव्हती. आठवा महिना लागलेल्या पोरीला, तुझं झाड मेलं तर तुझं काय होईल याची मला भीती वाटते, असं सांगणारा बाप कुठल्याही पुस्तकात शहाणा ठरत नाही. तेव्हा त्याने मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे चोरी. दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या दवाखान्याच्या आवारात डाळिंबाचं एक झाड होतं. अठ्ठावन्न वर्षांचा, पाठीला पट्टा बांधलेला तो माणूस भर दुपारी कुंपणातून हात घालून परक्याची कळी तोडत होता. खिडकीतून एक पेशंट तोंड उघडं ठेवून ते बघत होता. पण त्याला बोलता येत नव्हतं.

ती कळी जळली. तिच्या जागी चांदी आली. बादलीतून वर आली तेव्हा तिच्या पाच टोकांचा मुकुट इतका तीक्ष्ण होता की लेकीने गळ्यात घालून त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "माझीच आहे. बघताक्षणी ओळखली मी."

"हो," तो म्हणाला. आपल्या झाडाला आपण बोटही लावलेलं नाही, या एका विचारावर तो त्या दिवशी पोटभर जेवला.

पाचव्या दिवशी डाळिंबाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

त्याने चष्मा पुसून परत पाहिलं. जळक्या कागदासारखी कड, तिथून आत सरकत जाणारी रेघ. नेच्याची अशीच होती. वेलाची अशीच होती. खालच्या फांदीवरच्या दोन कळ्या देठापाशी काळ्या पडून लोंबत होत्या.

म्हणजे फसवता आलं नव्हतं. साच्याने मागितलं होतं ते त्याने दुसऱ्याच्या अंगणातून आणून दिलं होतं, आणि साच्याने ते घेऊन वर आपलं ते घेतलंच होतं.

त्याच सकाळी लेकीचे पाय सुजले. चप्पल चढेना. "डोकं जड झालंय बाबा," ती म्हणाली, आणि तिला भेटायला आलेल्या जावयाने तिला गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. गाडीत जागा होती. पण तो बसला नाही. आपण शेजारी बसू नये, असं त्याला वाटलं. काचेआडून तिने हात केला. गळ्यात कळी चमकत होती. ती मागून घ्यावी असं त्याच्या ओठांवर आलं आणि तेवढ्यात गाडी वळली.

तास गेला. फोन आला नाही. तो डाळिंबापाशी जाऊन उभा राहिला, हात खिशात घालून. भिंतीपलीकडे मास्तरांनी खुर्ची ओढली, झाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता आत गेले. त्यामुळे त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"ऐकतेस का?" मागे पावलं वाजली तसा तो वळून न बघता म्हणाला. "मी तिला फसवलं. तिच्या गळ्यातली कळी या झाडाची नाही. दातांच्या दवाखान्यातून चोरून आणली. म्हटलं आपलं झाड वाचेल. पोर वाचेल. आणि बघ हे. माझ्या हातालाच शाप आहे. आजपासून भट्टी बंद. तिला काही झालं तर मी..."

"काहीतरीच काय बोलता अभद्र," बायको म्हणाली. "सरका जरा."

तो सरका म्हटल्यावर सरकला. लग्न झाल्यापासूनची सवय. बायकोने पुढे होऊन दोन्ही हातांनी बादली कलती केली आणि निळसर हिरवं पाणी डाळिंबाच्या बुंध्याभोवती गोल फिरवून ओतलं. मातीवर बारीक फेस आला आणि विरला.

तो फेसाकडे बघत राहिला.

"हे काय ओतलंस?"

"काय म्हणजे? तुमच्या कामाचं पाणी. कळी बुडवली होतीत ना, तेच. परवा दोन तांबे घातलं, आज उरलेलं."

"झाडाला?"

"मग कुठे ओतू? तुम्ही नुसतं म्हणालात, बादली रिकामी कर. दहा लिटर पाणी गटारात सोडायला जिवावर येतं माझ्या. आधी नेच्याला घालायचे, दाराशीच होता. तो गेला, मग वेलाला. मग लिंबाला. आता हे एकच राहिलंय." तिने बादली उपडी करून आपटली. "चांदी एवढी उजळते त्याने, म्हटलं झाडांनाही बरं असेल. पण तुमच्या अंगणाला कशाचं कौतुकच नाही."

घरात फोन वाजला. ती धावत गेली आणि खिडकीतूनच ओरडून तिने सांगितलं, की बाळ ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, पोरगी दोन दिवस लोणचं खात होती म्हणून पाय सुजले, मीठ कमी करायला सांगितलंय, आणि येताना काय आणू विचारतेय.

तो अजून बुंध्यापाशीच होता. पाठ धरायच्या आधी, पंचवीस वर्षं, बादली रिकामी करताना तो तिच्यात खाण्याचा सोडा टाकून तेजाब मारायचा आणि मगच ते ओतायचा. बायकोला बादली सोपवताना सोड्याचं सांगायचं राहून गेलं होतं.

सोड्याचा डबा कारखान्यात, प्रमाणपत्राखालच्या फळीवर होता. अर्धा भरलेला.