मेणाच्या ठोकळ्यातली गाठ

मित्रांनो, काडेपेटीहूनही लहान असा मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. एका रंगाऱ्याच्या मांडीवरून काढलेल्या गाठीचा तुकडा माझ्या पोटात आहे.

तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या काकांनी तो वितळलेल्या मेणात बसवला आणि माझा जन्म झाला. माझे केसाहून पातळ काप काचेवर ठेवले गेले. कोणीतरी ते घाईघाईत पाहिले, ‘साधी गाठ’ असे लिहिले आणि माझी रवानगी कप्प्यात झाली. शेकडो ठोकळ्यांच्या दाटीत मला चैन पडत नसे. आपल्याला कोणी नीट पाहिलेच नाही, ही रुखरुख जाईना.

एके सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी आवाज चढला. रंगाऱ्याची थोरली बहीण बोलत होती. “गाठ त्याच जागी परत आलीय! शिडी नुसती टेकली तरी याच्या डोक्यात कळ जाते. साधी गाठ अशी दुखते होय?”

“ताई, कशाला उगाच...” रंगारी पुटपुटला.

“तू गप रे!”

प्रयोगशाळेतल्या नव्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “काका, परत आलेल्या गाठीतून काढलेला नवा तुकडा तिळाएवढा आहे, तेवढ्यावर निदान नको. जुना ठोकळा काढा.”

माझा क्रमांक पुसट झाला होता. काकांची बोटे दोनदा माझ्यावरून पुढे गेली. मी नुसता तळमळत होतो.

“सापडत नाही, मॅडम.”

“पुन्हा बघा. सापडायलाच हवा.”

तिसऱ्या खेपेला काकांनी मला उजेडात धरले. “हाच तो!”

माझे नवे काप निघाले. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करीनात. लांबट, बोथट टोकांच्या पेशी बेसुमार वाढलेल्या होत्या. फक्त स्नायूच्या पेशींना रंग देणारे खास रसायन घातल्यावर त्या तपकिरी झाल्या, तेव्हा त्यांचे मूळ कळले.

“थंडीत अंगावर काटा उभा करणारा इवलासा स्नायू असतो ना, तशा स्नायूचा हा कर्करोग,” त्या भावंडांना म्हणाल्या. “क्वचितच दिसतो. पण तेव्हाच ओळखायला हवा होता. चूक आमची आहे.”

रंगाऱ्याने एवढेच विचारले, “मी शिडी चढेन ना?”

“आधी आजूबाजूची जागा धरून मोठा भाग काढावा लागेल. मग बघू.”

शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, तिथे रोगाच्या पेशी नव्हत्या. रंगारी पुन्हा कामावर जातो, पण दर काही महिन्यांनी तपासणीला येतो. त्याचा निकाल येईपर्यंत मी अस्वस्थच असतो.

मित्रांनो, अंगावरची गाठ वाढली, दुखली, परत आली, तर संकोच न करता दाखवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी सूक्ष्मदर्शकापाशी बसलात, तर घाई करू नका. काचेवरच्या त्या पातळ कापापायी कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.