पहिली चार बोटं

खंडेनवमीची पूजा आटोपली, आणि पूर्णिमाला पाटावर तेलाचा डाग दिसला. शहापूरच्या त्यांच्या विणकामाच्या खोलीत दोन्ही मागांना झेंडूच्या माळा होत्या. पाटावर धोटे, कात्री, पान्हे मांडले होते, आणि त्यांच्या शेजारी तिची जुनी एअर रायफल. डाग तिच्या नळीखालीच पसरत होता.

"आप्पा, हिच्यातनं तेल कसं गळतंय?"

तिचा बाप परसू पानाला चुना लावत होता. "घातलंय की. सगळ्यास्नी घातलं, तिलाच का उपाशी ठेवायची?"

"कुठनं घातलंसा?"

"फुडच्या भोकातनं. हात आखडला न्हाय."

उद्या दसऱ्याला सकाळी अकरा वाजता निपाणीच्या एका नेमबाजी क्लबची निवड चाचणी होती. जागा दोनच. निवडलेल्यांना सरावाला क्लबची नवी रायफल मिळणार होती. ही आजोबांची रायफल तिने तीन वर्षं रेटली होती. उन्हाळ्यात आतल्या दट्ट्याचा चामडी वायसर फाटला, तो बाजारात कुठंच मिळेना. शेवटी आप्पांनीच मागाच्या चामडी पट्ट्यातून गोल कापून बसवला. परवा दहाच्या दहा छऱ्यांची भोकं रुपयाच्या एका नाण्याखाली झाकली गेली होती.

"दट्ट्या हवा दाबतो तेव्हा ती हवा क्षणभर भयंकर तापते, आप्पा. तिथं तेल असलं की पेटतं. धूर निघतो, आणि प्रत्येक छरा आपल्या मर्जीनं जातो. मी आत्ताच खोलून पुसते."

"हात लावू नगंस!" ताराबाई आतून ओरडली. "आज अवजारं निजल्यात. उद्या दिस उगवल्यावर उचलायची."

"आई, हे फिजिक्स आहे."

"फिजिक्स शिकलीस म्हणून नवमी बदलती व्हय?"

पूर्णिमा उंबऱ्यापासून मागापर्यंत येरझारा घालू लागली. दिवस उगवणार साडेसहाच्या सुमारास, बस सातची. जेमतेम अर्धा तास. ती बसली, उठली, पुन्हा त्या डागाकडे बघून आली.

"बस की गं, भुई झिजंल," परसू म्हणाला. मग आवाज उतरला. "तेल लई झालं की काय हुतंय, ते मला ठावं हाय. नवमीचं तेल दसऱ्याला कापडावर उतरतंय. म्हणून पयली चार बोटं भरड सुतानं विणायची आन् कापून टाकायची. मग साडी."

"आणि मी काय कापून टाकू?"

परसूने पान दुमडून गालात सारलं.

सकाळी दिवस उगवताच परसूने पूजा उचलली, रायफल खोलली आणि सुताच्या चोथ्याने आतून पुसली. पण चामडं तेल पिऊन फुगलं होतं. दाबलं की पाझरत होतं. बसमध्ये परसूशेजारी बसलेली पूर्णिमा दर दोन मिनिटांनी पिशवीत बोट घालून नळीचं तोंड चाचपत होती. बोट दर वेळी ओलंच.

"पंधरा मिनिटं सरावाचे छरे, हवे तितके," निपाणीच्या हॉलमध्ये प्रशिक्षकांनी सांगितलं. "मग हात वर करून मॅच म्हणायचं. त्यापुढचेच गुण धरू."

तिचा पहिलाच छरा धडाक्याने सुटला. नळीतून निळा धूर आला आणि कार्डाच्या वरच्या कडेला भोक पडलं.

"आक्का, फटाके दिवाळीला!" शेजारच्या जागेवरून नेम धरणारा सौरव हसला.

दुसरा डावीकडे. तिसरा पुन्हा वर. तिचा हात नेम खाली आणायच्या स्क्रूकडे गेला. मग ती थांबली. धुराला बघून नेम फिरवला, तर धूर सरल्यावर तो नेमच चुकीचा ठरणार. तिने मागे पाहिलं. परसू खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि त्याने मांडीवर चार बोटं आडवी धरली होती.

तिने स्क्रूला हात लावला नाही. ती नुसती छरे उडवत राहिली. बारावा, पंधरावा. धूर विरळ झाला. एकोणिसाव्याला फक्त वास. बाविसाव्याला वासही नाही. धडाक्याऐवजी परवाचा तो कोरडा ठोका, आणि भोक काळ्या ठिपक्याच्या पोटात. आणखी दोन उडवले. तिथंच.

घड्याळात एक मिनिट उरलं होतं. तिने दोरीने ते चाळण झालेलं कार्ड जवळ ओढलं, काढून पायाशी टाकलं, नवं कोरं लावलं आणि हात वर केला.

"मॅच."