रक्त सांडणारं बी

गोदामाच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे टेबलावर काचेचे दोन वाडगे, दोन्हींवर काळं फडकं, आणि मागे खुर्चीत बीजबाबा. हातात माइक, आवाजात नुसता मध.

"बी म्हणजे लेकरू, मंडळी! मनापासून तुमचं असलं तर तुमच्यासाठी रक्त सांडेल. रुसलेलं असलं तर पांढरंफटक पडून राहील. मी कोण सांगणारा? मी तर नुसता निरोप्या!"

हा निरोप्या दोन तास बोलत होता. बरोबर दोनच तास का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. मग त्याने फडकी ओढली. डाव्या वाडग्यात लोकांनी आणलेल्या मक्याचे चिरलेले दाणे होते तसेच पांढरे. उजव्या वाडग्यात बाबांचे दाणे, आणि त्यांच्या पोटात, कोंब फुटतो नेमका तिथेच, लालभडक.

"रक्त! रक्त!" पटांगण उसळलं. बायकांनी हात जोडले. ज्यांचं बी रुसलं होतं ते मान खाली घालून बाबांच्या पोत्यांकडे रांगेत निघाले.

रांगेच्या कडेला कृषी संशोधन संस्थेच्या तपासनीस बाई उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली. बी जिवंत की मेलेलं हे सांगण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. आणि आज समोर चाललेला हा खेळ त्यांचाच होता.

अगदी त्यांचाच. संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांच्या टेबलाकडे कोणी फिरकत नसे. संचालक म्हणाले होते, "बाई, तक्ते कोण वाचतंय? जरा जादूसारखं करून दाखवा, गर्दी जमेल." बाईंनी केलं. काळं फडकं आणलं, "बघा, बी बोलतंय!" असं म्हणून ओढलं. टाळ्या पडल्या. बाईंनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला? रंग कशाने येतो ते सांगायचं दरवर्षी राहून जाई, कारण तोवर जेवणाची घंटा होई. त्या प्रदर्शनाचा मंडप घालणारा माणूस मात्र सलग तीन वर्षं पहिल्या रांगेत बसून बघत होता. किती अदबीने विचारायचा, "ताई, हे औषध मिळतं कुठं?" ताईंनी दुकानाचा पत्तासुद्धा दिला. तोच आता बीजबाबा झाला होता.

तीन दिवसांपूर्वी बाबांच्या वाडग्यात बाईंच्या थोरल्या भावाचं बी रुसलं. वडिलांनी हयातभर कणसं निवडून निवडून राखलेला मका. असा दाणा दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हता. दादाने तो बाजूला ठेवला आणि बाबांचं पोतं आणून सगळं शेत पेरलं. वर बाबांचा हुकूम, रुसलेलं बी घरात ठेवायचं नाही, दळून जनावरांना घालायचं.

बाईंनी त्या पोत्यातले शंभर दाणे तपासले. सात जिवंत निघाले. भट्टीवर वाळवलेला, कोंबड्यांना घालायचा मका तो. वडिलांच्या बियातले शंभरात पंच्याण्णव जिवंत होते.

"दादा, हात जोडते, ते बी दळू नकोस," बाईंनी विनवलं. "पेरायला अजून दहा दिवस आहेत. पुन्हा पेर."

"चिमे, तू शिकलेली आहेस, मान्य. पण मी डोळ्यांनी पाहिलं ना!" दादा म्हणाला. "तिथं सगळ्यांसमोर करून दाखव. मग तू म्हणशील ते."

म्हणून त्या आल्या होत्या. संचालकांकडे परवानगी मागितली, तर ते म्हणाले, "संस्थेला मध्ये ओढू नका. चार दिवसांनी लोक आपोआप विसरतील." संस्थेला ओढायला संस्था होती कुठे? बाई एकट्याच होत्या.

त्या टेबलापाशी गेल्या. "महाराज, दोन्ही वाडग्यांत दोन्हीकडचं बी घालून दाखवा."

"पाण्याची परीक्षा घ्यायची नसते, माई," बाबा गोड हसले.

"मग मी दाखवते."

बाबांना वाटलं असेल, बोलू दे बाईला. बाईंनी घरून रात्रभर भिजवून आणलेले दाणे सगळ्यांसमोर चिरले. एका वाडग्यात वडिलांच्या बियाचे, दुसऱ्यात बाबांच्या पोत्यातले. दोन्हींवर एकाच बाटलीतलं पाणी ओतलं, काळं फडकं टाकलं आणि त्या बोलायला लागल्या. माइक कोणी दिला नाही. तरी घसा फोडून सांगितलं, की हे एका क्षाराचं पाणी आहे, रसायनांच्या दुकानात मिळतं. जिवंत बी श्वास घेतं, आणि त्या श्वासाने हे पाणी बियात लाल होतं. मेलेलं बी श्वास घेत नाही, म्हणून पांढरं राहतं. उजेडाने पाणी बिघडतं म्हणून काळं फडकं, रंग चढायला वेळ लागतो म्हणून दोन तासांचं प्रवचन. बाबा तुमच्या वाडग्यात साधं पाणी घालतात आणि स्वतःच्या वाडग्यात हे. दाखवायचे दाणे चांगले, पोत्यातले मेलेले. संपलं!

दोन तासांनी बाईंनी फडकं काढलं. वडिलांचं बी लालभडक. बाबांचं पांढरं.

पटांगण टाचा उंचावून बघू लागलं. दादाचा चेहरा उजळला. बाईंना वाटलं, जिंकले गं बाई!

बाबा सावकाश उठले. "धन्य! बघितलंत, मंडळी? या बियाने रक्त सांडलं, पण कोणाच्या पाण्यात? परक्याच्या! फितूर झालंय बी. आणि माझं बघा, इमानी. परक्याच्या पाण्यात एक थेंबही सांडला नाही!"

"अरे, पण ते मेलंय!" बाई ओरडल्या.

ते ऐकायला कोणी थांबलंच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक म्हातारी पुढे येऊन बाईंच्याच पायांवर डोकं ठेवू लागली. "माई, तुमच्याही हातात आहे हो! माझ्या बियाला पाणी द्या." मागून आणखी चौघी आल्या. बाई पाय मागे घेत राहिल्या आणि "अहो, क्षार आहे, नुसता क्षार!" म्हणत राहिल्या. बियाला बाईंच्या पाण्यात रंग चढला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. श्वासाचं कोणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. गर्दीत दादा कुठे दिसेना.

बायकांच्या गराड्यातून सुटून बाई तासाभराने धावतपळत त्याच्या घरी पोचल्या, तर वहिनी पिठाचं पोतं उतरवून घेत होत्या. "आत्ताच गिरणीतून आणलं," वहिनी म्हणाल्या. "फितूर बी घरात नको म्हणाले. मी म्हटलं, मूठभर तरी ठेवा, तर अंगावर आले."

बाईंनी पोत्यात हात घातला. पीठ अजून कोमट होतं.

पेरणीनंतर नवव्या दिवशी बाई दादाच्या शेतावर गेल्या. ओळीच्या ओळी मोकळ्या. कुठेतरी एखादं रोप. दादा बांधावर बसला होता. बाई शेजारी बसल्या. आता तरी हा बाबाला चार शिव्या देईल, म्हणजे निदान पुढच्या खेपेला वाचेल, एवढीच त्यांची आशा उरली होती.

"चूक माझीच, चिमे," दादा म्हणाला. "त्या दिवशी तुझं बघून मला क्षणभर शंका आली होती. बियाला कळतं गं सगळं. म्हणून उगवलं नाही."

बाईंनी नुसता त्याचा हात धरला आणि रडू आलं ते येऊ दिलं.

मंडळी, जे बाई बांधावर बोलू शकल्या नाहीत ते इथे सांगतो. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सहा दिवस ओल राखा, मग उघडून कोंब मोजा; नव्वदाच्या घरात निघाले तर बी पेरा. त्याला बाबा लागत नाही, संस्था लागत नाही, बाईंची बाटलीसुद्धा लागत नाही. शंकेने आजवर एकही दाणा मेलेला नाही. तेव्हा शंका घ्या, आणि पेरायच्या आधी घ्या.