हात कोणी सोडला

भारताच्या दोन जर्सी. एक मॅटवरच्या कबड्डीची, दुसरी सर्कल कबड्डीची. दुसरीनं सर्जेरावची आई उषाबाई आता शेगडी पुसतात.

कॅनडातलं मैदान, ढोल, छातीत सणकून बसलेली थाप.

रिकामा बाक. त्यावर कोणीतरी वाळत टाकलेला टॉवेल.

गमछा फाडून केलेली पट्टी.

ती पट्टी सर्जेराव बोटाभोवती गुंडाळत होता. मंठ्याच्या शाळेत तो वर्षभर दोन-दोन मुलींची मनगटं त्याच पट्टीनं एकमेकींना बांधून त्यांना पळवायचा. बचाव करताना शेजारणीचा हात सोडायचा नाही; साखळी तुटली की चढाई करणारी मधून निसटते. आज जालन्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ती तशीच निसटली. शेवटची चढाई, एका गुणानं हार. साखळीत तृप्ती आणि शालू होत्या.

तृप्ती येऊन समोर उभी राहिली. कोपर खरचटलेलं.

"सर, हात मी न्हाई सोडला."

"मंग आपोआप सुटला?"

तिनं वळून पाहिलं. शालू खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती.

"सगळे हसून राह्यले सर. सर्कलवाल्याच्या हाताखालची पोरगी, एकटीच पकडाया गेली म्हणतेत."



सर्कलमध्ये साखळी नसते. एकासमोर एक. पैसा असतो. त्यासाठी तो ऐन भरात पंजाबला गेला, तिथून कॅनडाला. त्या खेळातही भारताकडून खेळला. परत येऊन मॅटवर उतरला, तर राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला साखळी तुटली. याला एकट्यानं खेळायची सवय लागलीय, असं पेपरात आलं. संघटनेनं दार लावून घेतलं. तेव्हापासून स्वतःच्या शाळेचा सामना असला तरी त्याला कोचच्या बाकावर बसू देत नसत. तो दोरीमागे, पालकांत बसायचा.

"सर्जा, चहा घे."

कल्याण दोन कागदी कप घेऊन आला. जिल्ह्याचा निवडकर्ता, शालूचा बाप. त्या उपांत्य सामन्यात साखळीत सर्जेरावच्या शेजारी तोच होता.

"राज्याच्या शिबिराला तुझ्या शाळेतली एकच पोरगी जाईल," कल्याण म्हणाला. "अन् यंदा संघासोबत कोच म्हणून मी तुझं नाव टाकून राह्यलो. बाकावर बसशील, बराबर. जुनं किती दिवस उगाळायचं?"

"कोणती पोरगी?"

"ते तू सांग. कोच तू." कल्याणनं चहावर फुंकर घातली. "तृप्तीची चढाई भारी आहे, न्हाई कोण म्हणतं? पण तिनं हात सोडला म्हणतेत. तू तर त्याच कोपऱ्यामागं बसला होता."

तो तिथंच बसला होता. शालूची बोटं उघडताना त्यानं पाहिली होती.

तृप्ती दोरीला टेकून उभी होती, ऐकू येईल इतक्या अंतरावर. पंचांच्या मेजाशेजारी कोचचा बाक रिकामा होता. सर्जेरावनं पट्टी उलगडली, पुन्हा गुंडाळली. बोटाचं टोक पांढरं पडलं.

"तृप्ती सोडती हात," तो म्हणाला. "मोबाईलवर माझे सर्कलचे सामने पाहती. सवय लागली."

"बिलकुल," कल्याण म्हणाला आणि चहा संपवून त्याच्याकडे न पाहता कप चुरगळला.

परतीच्या जीपमध्ये शालूनं तृप्तीचा हात हातात घेतला. मंठा येईपर्यंत धरून ठेवला. तृप्तीनं तो सोडवून घेतला नाही, धरलाही नाही. पुढच्या सीटवर सर्जेराव खिडकीबाहेर बघत होता.

राष्ट्रीय स्पर्धेच्या त्या उपांत्य सामन्यात हात कल्याणनं सोडला होता.