सोबतीला बसणारी चाकं

उंट आज पुन्हा बसला होता. बसला तोही असा ऐसपैस, की चारही चाकं वरच्या कमानींत अर्धी गडप झाली होती. जावईबापू दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

हा उंट म्हणजे त्यांची जुनी, चौकोनी, डोंगरात हिंडणारी गाडी. तिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार रबरी फुगे होते आणि त्यांत हवा. एक बटण दाबलं की फुगे फुगायचे, गाडी उंच व्हायची आणि दगडधोंड्यांवरून खुशाल चालायची. दुसरं दाबलं की सुस्कारा सोडून खाली टेकायची. सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तर उंट! माणसाला बसायचं असलं की आधी स्वतः बसतो." तेव्हापासून घरात तिला कुणी गाडी म्हटलं नाही.

आणि 'जावईबापू' हेही सासूबाईंचंच देणं. त्या लेकीकडे राहायला आल्या आणि हा चष्म्याच्या दुकानाचा मालक बघता बघता अख्ख्या गल्लीचा जावई झाला. भाजीवालासुद्धा त्यांना जावईबापूच म्हणे, भाव मात्र जावयासारखा लावत नसे.

हल्ली मात्र कुणी बटण न दाबताच तो रात्रीतून आपोआप बसायचा. एरवी उंट बसला काय, उठला काय, कुणाला फिकीर नव्हती. पण रविवारी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा ऐंशीवा वाढदिवस होता. ताई राहायच्या डोंगरावर. वाटेत ओढ्याचं पात्र, पुढे नुसता खडक. साधी गाडी तिथे पोट घासून अडकायची. उंच गाडी जाई, पण उंच गाडीत सासूबाई कशा चढणार? त्यांचे गुडघे कामातून गेले होते. मागे एकदा दवाखान्यात न्यायला आलेल्या गाडीत दोघांनी त्यांना काखेत हात घालून वर ओढलं, तिसऱ्याने मागून ढकललं, एक चप्पल रस्त्यातच राहिली आणि समोरच्या खिडक्यांतून लोकांनी सगळं पाहिलं. घरी आल्यावर त्या रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "यापुढे मला कुणी उचलायचं नाही," एवढंच म्हणाल्या. "मी पोतं नाही."

म्हणजे ताईंकडे जायचं तर घरी बसणारा आणि डोंगरावर उठून उभा राहणारा उंटच हवा होता. बहिणी-बहिणींची भेट होऊन दोन वर्षं झाली होती.

गॅरेजच्या मिस्त्रींनी डोकं चालवलं नाही असं नाही. "चारही कोपरे एकदम बसतात ना? मग दुखणं चौघांच्या सामायिक जागेत," ते म्हणाले. सगळ्या फुग्यांना हवा वाटून देणारा व्हॉल्व्हचा ठोकळा त्यांनी उघडला, आतल्या रबरी चकत्या बदलल्या, सगळं पुसूनपासून बसवलं. दुसऱ्या दिवशी उंट पुन्हा जमिनीवर.

मग मिस्त्रींनी हात टेकले. "जावईबापू, ही हवेची थेरं सोडा. लोखंडी स्प्रिंगा टाकतो. आयुष्यभर बघायला नको."

"मग गाडी बसेल?"

"स्प्रिंगेवर गाडी कशी बसेल? उभीच राहील."

बायकोला हे पटलं. ती व्यवहारी. "आपण स्टूल घेऊ. आई, एक पाय स्टुलावर, मग आम्ही दोघं जरासा आधार..."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. ताईला म्हणावं, माझं पोट बिघडलंय."

भांडल्या असत्या तर जावईबापूंनी उत्तर दिलं असतं. या शांत बोलण्यावर ते जेवण अर्धं टाकून दुकानात निघून गेले.

दुकानात एक गृहस्थ येऊन बसले होते. बायकोने बळेच पाठवलंय, हे चेहऱ्यावर लिहिलेलं. "मला सगळं स्वच्छ दिसतं," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं आणि भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवला. जावईबापूंनी नेहमीप्रमाणे त्यांचा डावा डोळा झाकला. गृहस्थांनी पुन्हा वाचला. मग उजवा झाकला. गृहस्थ गप्प.

"वाचा."

"अहो, दिवे का घालवलेत?"

"दिवे चालू आहेत. उजवा डोळा इतकी वर्षं डाव्याचं झाकत आला, म्हणून तुम्हाला कळलं नाही. दोन्ही एकदम तपासले तर कुठला बिघडलाय ते कधीच..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. गृहस्थांच्या हातात पाण्याचा पेला देऊन, "आलोच," म्हणत ते तडक गॅरेजात पोचले.

"मिस्त्री, ही चारही चाकं आपापली बसतात, की त्यांना कुणी बसवतं?"

मिस्त्रींच्या हातातला पाना हवेतच थांबला. गाडी बंद असली तरी तिच्यातला छोटा कॉम्प्युटर अधूनमधून जागा होतो. चारी कोपऱ्यांची उंची बघतो. एखादा खाली गेलेला दिसला की गाडी तिरकी नको म्हणून बाकीच्यांचीही हवा सोडतो. हे मिस्त्रींना पाठ होतं, फक्त वेळेवर आठवलं नव्हतं. "आयला!" ते म्हणाले आणि स्वतःच्याच कपाळावर त्यांनी तेलकट हात मारून घेतला. त्याचा ठसा दिवसभर तिथे होता.

संध्याकाळी अंगणात दोघांनी उंट उभा केला, इंजिन बंद केलं आणि त्या शहाण्या कॉम्प्युटरचा फ्यूज उपसून काढला. आता कुणी कुणाचं झाकणार नव्हतं.

सकाळी जावईबापू बाहेर आले आणि एवढ्यांदा ओरडले, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तीन कोपरे ताठ उभे होते आणि मागचा डावा तेवढा बसकण मारून होता. सगळी गाडी एका बाजूला कलली होती, आणि इतकी वेडीवाकडी असून त्यांना ती कधी नव्हे इतकी गोड दिसली.

"आई! एकच चाक!"

सासूबाई खिडकीत आल्या. "आणि बाकीची तिघं?"

"ती नुसती सोबतीला बसत होती!"

"चांगल्या घरची दिसतात," सासूबाई म्हणाल्या. आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या.

पण आनंद एवढ्या स्वस्तात मिळायचा नव्हता. मिस्त्रींनी उंट गॅरेजात घेतला. जावईबापूंनी चष्म्याच्या काचा पुसायच्या फवाऱ्यात साबणाचं पाणी भरून आणलं आणि मागच्या डाव्या फुग्यावर सगळीकडून मारलं. हवा सुटत असेल तिथे बुडबुडे यायला हवेत. एक आला नाही. नळीच्या सांध्यावर नाही, फुग्याच्या बुडाशीही नाही. जावईबापूंचा चेहरा पडला.

आता पाळी मिस्त्रींची होती. "कपड्याची चीर घडीत दिसते का कधी?" त्यांनी फ्यूज परत बसवला आणि उंट होता होईल तेवढा उंच केला. फुगा ताणला, रबराची खालची घडी उलगडली. गाडी हवेच्या भरवशावर नको म्हणून त्यांनी तिच्याखाली टेकूच्या भक्कम लोखंडी घोड्या लावल्या आणि मगच दोघं पालथे झाले. जावईबापूंनी फवारा मारला.

आधी एक बुडबुडा आला, मग दोन, आणि मग घडीतल्या बारीक चिरेवरून फेस असा फसफसून वर आला की दोन पोक्त माणसं जमिनीवर पडल्या पडल्या एकमेकांच्या पाठी थोपटायला लागली. चहावाला आत डोकावला आणि काही न विचारता चहा ठेवून गेला.

फुगा बदलला. पुढचे दोन दिवस बायको शिवणाची टेप घेऊन रोज संध्याकाळी आणि सकाळी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत माप घेत होती. व्यवहारी बाई, तिला नवऱ्याच्या आनंदापेक्षा टेपेवर जास्त विश्वास. रविवारी सकाळी तिने टेप गुंडाळली आणि म्हणाली, "आई, आवर."

उंट बसला. सासूबाई दाराचा दांडा धरून, कुणाचाही हात न घेता आत शिरल्या, सीटवर नीट सरकल्या आणि दार स्वतः ओढून घेतलं. मग उंट उठला. ओढ्यातले दगड खालून निघून गेले, खडकावर तो डुलत चढला, आणि सासूबाई प्रत्येक हिसक्याला "वा!" म्हणत होत्या.

ताई काठी टेकून फाटकातच उभ्या होत्या. उंट त्यांच्यासमोर सुस्कारा सोडून खाली टेकला आणि धाकटी बहीण पायउतार झाली. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मग ताईंची नजर गाडीकडे गेली.

"ही अशी मुद्दाम बसते?"

"बसते," सासूबाई म्हणाल्या. "तू किती दिवस म्हणतेस तूच ये, तूच ये. तू का नाही आलीस गं एकदाही? दर वेळी तुझ्या कोंबड्या आडव्या!"

ताईंनी काठीने जमीन उकरली. "कोंबड्या कसल्या? मागे मला खाली नेलं तेव्हा टेंपोत चढवलं. चौघांनी. खुर्चीसकट. पुन्हा नाही म्हटलं."

सासूबाई थक्क होऊन बहिणीकडे बघत राहिल्या. "मला तिघांनी," त्या म्हणाल्या. "माझी चप्पल राहिली रस्त्यात."

"माझी कवळी पडली."

आधी कोण हसलं ते कुणालाच कळलं नाही. दोघी हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या आणि शेवटी फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

ताईंनी डोळे पुसले, काठी भाचीच्या, म्हणजे जावईबापूंच्या बायकोच्या हातात दिली आणि दाराचा दांडा धरून, कुणाचाही हात न घेता, गाडीत जाऊन बसल्या. धाकटी दुसऱ्या दाराने शेजारी.

"मावशी, अगं, केक कापायचाय," भाची म्हणाली.

"घे बरोबर. खाली कापू, तुमच्या घरी," ताई म्हणाल्या. मग पुढे वाकून त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर टिचकी मारली. "काय हो, बघताय काय? उठवा."